उडत्या बसचा बोरखडी थांबा

सन १९६४ च्या जून महिन्यात, मनुष्य लवकरच उडत प्रवास करू लागणार असल्याचे आमच्या पुसदच्या कचेरीला लेखी कळवण्यात आले. रस्त्याच्या प्रत्येक प्रस्तावाला यापुढे एक नवा तक्ता जोडायचा होता. पंचवीस वर्षांनी त्या जागी लोक कशाने प्रवास करतील, हे त्यात भरायचे होते. मी, नीळकंठ, त्या कचेरीचा हेडक्लार्क. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही रकाना रिकामा सोडलेला नाही, आणि हाही सोडणार नव्हतो.

त्या दिवशी टेबलावर बोरखडीच्या रपट्याची फाईल होती. बोरखडी गाव आणि मोठी सडक यांच्या मध्ये एक नाला आहे. पावसाळ्यात तो भरला की गाव पलीकडेच राहते. पाण्यातून निदान चालत जाता यावे म्हणून एक ठेंगणा दगडी रपटा बांधून द्या, एवढी गावाची अकरा वर्षांची मागणी होती. तोवर धावजी नावाचा बंजारा आपल्या उंच चाकांच्या बैलगाडीतून लोकांना नाला पार करून देत असे.

आमचे साहेब श्रीकृष्णराव यांनी नुकतेच एका मासिकात उडत्या बसचे रंगीत चित्र पाहिले होते. त्यांनी तक्त्यात भरायला सांगितले, "उडत्या बसने."

"आणि रपटा, साहेब?"

"नीळकंठराव, लोक वरून जाणार, तर खाली रपटा कशाला? पुढची पिढी हसेल आपल्याला."

पुढच्या पिढीने हसू नये म्हणून फाईलवर 'कालबाह्य' असा शेरा मारण्यात आला. जो रपटा कधी बांधलाच नव्हता, तो अशा रीतीने जुना झाला.

आता बस म्हटली की थांबा आला. थांब्याला सपाट, झाड नसलेली जागा लागते. बोरखडीत तशी एकच जागा निघाली, ती म्हणजे नाल्याकाठी जिथे धावजीची गाडी उभी राहायची ती. तिथे 'उडती बस थांबा (नियोजित)' अशी पाटी लागली आणि बस उतरताना अडथळा नको म्हणून बैल व बैलगाडी यांना मनाई झाली. उत्तमसिंग नावाचा चौकीदार नेमला गेला. हवाई प्रवाशांचे वजन करावे लागते, असे साहेबांनी कुठेतरी वाचले होते, त्यामुळे त्याला एक वजनकाटाही मिळाला.

धावजी कचेरीत आला. "बाबूजी, ते बस कधी येनार हाये?"

"पंचवीस वर्षांत."

"मंग तोवर माहे बैल उभे राहू द्या ना. बस दिसली का हाकलतो मी."

साहेबांनी हे ऐकून एक सुस्कारा सोडला. असल्या लोकांमुळेच देश मागे राहतो, असे ते म्हणाले, आणि मीही मान हलवली.

ऑगस्टात नजीर आला. बोरखडीत सायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणारा हा माणूस. गावची शाळा आठ महिने बंद होती. बाहेरून नेमलेला प्रत्येक मास्तर नाला पाहायचा आणि परत जायचा. नजीरची मुलगी गुलनार ही गावातली एकटी मॅट्रिक पास, आणि त्याच शाळेच्या जागेसाठी सोमवारी पुसदला आमच्याच कचेरीत तिची मुलाखत होती; रस्त्यांबरोबर शाळाही आमच्याकडेच होत्या.

"बाबूजी, पोरगी गावातच राह्यते. एकडाव नाला पार करून द्या, मंग शाळेले जलमभर नाला ओलांडाची गरज नाही. सोमवारी धावजीची गाडी चालू द्या."

मी त्याला छापील अर्ज दिला. त्यात वाहनाचे चार प्रकार होते. उडती बस, हेलिकॉप्टर, रॉकेट आणि 'इतर, कारण द्या'. नजीरने 'इतर'पुढे बैलगाडी लिहिले आणि कारण दिले की नाल्यात पाणी आहे.

"हे कारण चालणार नाही," मी म्हणालो. "हे आजचं झालं. अर्ज भविष्याचा आहे."

"पन पोरगी आजची हाये ना, बाबूजी!"

तरीही मी अर्ज शिफारशीसह यवतमाळला पाठवला. उत्तर नोव्हेंबरपर्यंत येईल, असा माझा अंदाज होता. तोवर नाला आपोआप उतरतोच.

सोमवारी सकाळी सातला गुलनार थांब्यावर आली. उत्तमसिंगने तिचे वजन केले. ते त्रेचाळीस किलो भरले, डबा वेगळा. मग त्याने तिला बसायला सांगितले. धावजीचे बैल शंभर पावलांवर रवंथ करत होते. मुलाखतीची अकराची वेळ टळली. दुपारी पाणी कमरेपर्यंत उतरले, तेव्हा उत्तमसिंगने नियमांचा कागद पुन्हा एकदा बोट लावून वाचला.

"गाडीले मनाई हाये. बैलाले मनाई हाये. मानसाच्या पायाबद्दल काई लिहिलं नाही. जाय माय."

पायी चालणाऱ्यांसाठी भविष्यात तरतूदच नव्हती, म्हणून बंदीही नव्हती. प्रमाणपत्रे डब्यात घालून, डबा डोक्यावर धरून ती पाण्यात शिरली. धावजी बैलांशिवाय तिच्या पुढे चालला.

तीन वाजता ती मुलाखतीला उभी राहिली, तेव्हा तिच्या पायांखाली फरशीवर पाणी साचत होते. टिपणे घ्यायला मी बसलो होतो. साहेबांनी सर्व उमेदवारांना विचारलेला प्रश्न तिलाही विचारला. "पंचवीस वर्षांनी मनुष्य प्रवास कसा करील?"

"कसाही करो, साहेब," ती म्हणाली. "आज रपटा असता, तर मी वेळेवर आली असती."

साहेबांनी शेरा सांगितला, 'कल्पनाशक्तीचा अभाव'. मला तिच्याकडे पाहवेना. माझी लाज मला कळत होती, आणि तरीही मी तो शेरा सुरेख अक्षरात लिहिला.

निवड पुसदच्या शीलाताईंची झाली. आकाशमार्गे महागावहून उमरखेडला जाताना शेते कशी दिसतील, याचे त्यांनी दहा मिनिटे वर्णन केले होते. त्या रुजू व्हायला गेल्या, काठावरून नाला पाहिला आणि परत येऊन त्यांनी अर्ज दिला की उडती बस सुरू होताच आपण हजर होऊ. साहेबांना हे तर्कशुद्ध वाटले आणि त्यांनी तो मंजूर केला. वजनकाटा पावसात गंजू नये म्हणून सध्या शाळेत ठेवला आहे. गुलनार बापाच्या दुकानात सायकलींची पंक्चरे काढते.

नजीरने मात्र हार मानली नाही. रपट्यासाठी नवा अर्ज घेऊन तो पुसदच्या घराघरांत सह्या मागत फिरला. वकिलांकडे गेला, डॉक्टरांकडे गेला, तुमच्याकडेही आला. तुम्ही त्याला ओट्यावर बसवले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले, फार वाईट वाटले तुम्हाला. मग हळूच विचारलेत, "त्या उडत्या बसमध्ये आधी नाव दिलं तर खिडकीची जागा मिळेल का हो?"

बिचाऱ्याने कागद उलटा केला आणि पाठीमागे तुमचे नाव लिहून घेतले. तो कागद माझ्याकडे जमा आहे. पुढच्या बाजूला रपटा मागणाऱ्या चार सह्या आहेत, पाठीमागे खिडकी मागणाऱ्या दोनशे सत्तर. जनतेला काय हवे, हे साहेबांनी त्यावरूनच वर कळवले.

तुम्ही एकशे बाराव्या क्रमांकावर आहात. नाव नजीरच्या अक्षरात आहे, सही तुमचीच आहे.