पुण्याहून आलेला वाघ

माझ्या काकांच्या मयतीला आमची कुंदा आली, काकूच्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसले आणि ओसरीत बसलेल्या माणसांना एकेक करून विचारू लागली, "तुमाले कोनाकडून समजलं?"

लोकांना वाटलं, दुःखात माणूस काहीही विचारतो. पण तिरडी बांधून होईपर्यंत तिनं शोधून काढलं होतं की काका गेल्याची बातमी साकोलीच्या जावयाला आधी कळली आणि मागच्या गल्लीतल्या सख्ख्या भावाला नंतर, तीही त्या जावयाच्याच फोनवरून. माझ्या कानाशी येऊन म्हणते, "भाऊजी, बातमी पाण्यासारखी उतारानं नाही जात. वळखीनं जाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लाज वाटते ती त्या लाजेची.

कुंदा म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. साकोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पंचेचाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही, बसस्टँडमागे दोन खोल्यांत एकटी राहते. माणसांची जाळी कशी विणलेली असतात आणि इंटरनेटवर माहिती त्यांतून कशी पसरते, यावर संशोधन करून ती डॉक्टर झाली. माझी सासू गावभर सांगे, पोरगी मोबाइलची डॉक्टर झाली. मग बाया बिघडलेले मोबाइल घेऊन येत. कुंदा म्हणायची, "आई, मोबाइलची नाही वं, मोबाइलवाल्यांची."

तिच्या हिशेबी माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे धागा, आणि ज्याच्यापाशी फार धागे येतात तो नाका. मी धान सोसायटीचा गटसचिव. माझ्या मोबाइलवर किती ग्रुप आहेत ते मलाच माहीत नाही. एकदा भर पंगतीत तिनं मला सांगितलं, "तुमी नाका आहा, भाऊजी. इकडून आली, तिकडं गेली. मधात तुमचं डोकं कुठं लागतच नाही." सगळे हसले, ती हसली नाही. रक्तदाब वाढलाय हे डॉक्टर जसं सांगतात, तसं तिनं सांगितलं होतं.

तिच्यापुढे 'लोक म्हणतात' म्हणायची सोय नाही. हातातला घास खाली ठेवते. "कोनते लोक? नाव सांग."

माझी बायको वैतागते, "जेव आधी. लोक काही पळून नाही चालले."

गेल्या हंगामात धान कापणीला आलं आणि वाघाचा मेसेज आला. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, वाघ बसतो, एकट्या बाईनं वावरात जाऊ नये. सोबत वाघाचा फोटो. नागझिऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे खोटं कोणाला वाटेल? मी तो चांगल्या मनानं सगळ्या ग्रुपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी कापणीला एकही बाई आली नाही. जंगलखात्याचे लोक येऊन तलावाची सगळी पार पालथी घालून गेले, पंज्याचा एक ठसा सापडला नाही. बाया म्हणाल्या, "वाघ का तुमाले विचारून पाय ठेवते?"

इकडे लोंब्या सुकून धान झडायला लागलं होतं, वर आभाळ येत होतं. सरपंचांनी चावडीत माणसं जमवली. ज्यानं ही आवई उठवली त्याला इथे उभा करा, असं ठरलं. कुंदा त्या दिवशी आमच्याकडेच होती. ती उठून म्हणाली, "मले द्या हे काम. कोनापासून निघाली ते मी सांगते."

माझी छाती फुगली. साळी कोणाची?

मग ती पुढे स्कूटी चालवते आणि मी मागे बसतो, असं आमचं सुरू झालं. सरपंचांना मेसेज माझ्याकडून आलेला, मला शाळेतल्या गुरुजींकडून, गुरुजींना त्यांच्या सिहोऱ्याच्या साळ्याकडून, आणि त्याला पुण्यात कामाला गेलेल्या आमच्याच गावच्या पोरांच्या ग्रुपवरून. हे कळलं तेव्हा कुंदानं भररस्त्यात स्कूटी थांबवली.

"भाऊजी, आपल्या तलावावरचा वाघ पुण्याहून आला." तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "गावची गोष्ट शहरात जाते आन फिरून गावातच येते, असं उदाहरण मले भेटतच नव्हतं. नागपूरच्या परिषदेत हेच वाचते."

त्या ग्रुपवर ज्या पोरानं तो पहिल्यांदा टाकला होता, त्याला तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, फोटो ग्रुपवर कोणी तरी नंतर जोडला. वाघाचं मला माझ्या मायनं सांगितलं.

त्याची माय आमच्याच गावात, तलावाकडच्या टोकाला राहते. तिचं नाव मी इथे भागरता ठेवलं आहे. कुंदाला विचारून लिहितो आहे.

भागरताबाईनं चहा ठेवला आणि काही न लपवता सांगितलं. "दिसला कुठचा, बाई. मीच मनलो तसं. पोरगा दोन वर्सं दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेले घरी आला नाही. फोन केला का कामात हावो मनते. मंग मनलो, वाघ येऊन राहिला, आन मी एकटीच धानाच्या बांधीत जातो. तवापासून रोज त्याचा फोन येते. आधी वाघाचं विचारते, मंग मी जेवलो काय ते विचारते."

मग म्हातारीनंच कुंदाला विचारलं, "तुले कोन करते वं फोन?"

"कॉलेजातले पोट्टे."

"काय विचारते?"

"नेट काहून बंद आहे, ते."

म्हातारी हसली. कुंदाही हसली, पण जरा उशिरा. बाहेर आल्यावर कुंपणाशी उभं राहून तिनं पुन्हा पुण्याला फोन लावला. "वाघ नाही इथं, कधी नव्हता. पन तेवढ्यासाठी फोन बंद करू नका, भाऊ."

संध्याकाळी चावडीत तिनं दाखवून दिलं की तो फोटो जुना आहे, दुसऱ्याच जंगलातला आहे. वाघ नाही, उद्यापासून कापणी करा, मी स्वतः येते.

"ते ठीक आहे," सरपंच म्हणाले, "पन निघाली कोनापासून?"

"मले नाही सापडलं."

मागून कोणी तरी म्हणालं, "इतली शिकली, आन एक वाघ नाही धरता आला." दुसरा म्हणाला, "बंद करून चालू करून पाहा, डाक्टरीनबाई." चावडी हसली. ती खाली मान घालून उभी राहिली. माझ्या जिभेवर नाव आलं होतं, ते मी गिळलं. परिषदेतही तिनं पुढे भलताच निबंध वाचला. तिच्या पदवीचा मला अभिमान होताच. त्या संध्याकाळचा जास्त आहे.

सकाळी कुंदा विळा घेऊन खरंच बांधीत उतरली. तिचं कापणं बघून बाया तोंडाला पदर लावत होत्या, पण भ्यायचं विसरल्या होत्या. कापणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे गळालेल्या लोंब्या, वेचत भागरताबाई येत होती. ती दर थोड्या वेळानं कमरेची पिशवी चाचपून पाहायची. कुंदाचं लक्ष विळ्यापेक्षा त्या पिशवीकडेच जास्त. ऊन चढलं, भाकरीची वेळ झाली, बाया बांधावर बसल्या.

आणि फोन वाजला. म्हातारी ओंजळीतल्या लोंब्या तशाच टाकून दूर जाऊन उभी राहिली. बायांची थट्टामस्करी रंगात आली होती.

"हळू बोला वं," कुंदा म्हणाली. "तिले ऐकू येऊ द्या."

तिचा स्वतःचा मोबाइल सकाळपासून स्कूटीच्या डिकीत पडला होता. तो आणून द्यायला मी उठलो, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि म्हातारीच्या पाठीकडे बघत भाकरी मोडली.