राहेलसाठी प्रार्थना

सरिताबाईंना त्या शुक्रवारी देवाकडे मागण्यासारखं काहीच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कुरखेड्याच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका दर शुक्रवारी कलाबाईंच्या घरी प्रार्थनेला जमत. पद्धत अशी, की प्रत्येकीनं आपली अडचण नाव न घालता चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, आणि जिला जी निघेल तिनं आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करायची. चिठ्ठी कोणाबद्दल आहे हे विचारायचं नाही. पण चिठ्ठीच न टाकणं काही बरं दिसत नसे. जिचं सगळंच ठीक चाललंय अशा बाईकडे बाकीच्या जरा संशयानं पाहत.

सरिताबाईंचं खरोखरच ठीक चाललं होतं. नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे साथ देत होते, आणि मुलगी दिव्यानी हिला पाहायला गोंडपिपरीचं एक भलं ख्रिस्ती घराणं पुढच्या शनिवारी येणार होतं. त्या घरचा मुलगा प्रणित शाळेत मास्तर. नवरा गेल्यापासून सात वर्षं सरिताबाईंच्या डोक्यात दिव्यानीच्या लग्नाखेरीज दुसरा विषय नव्हता, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठीची चिठ्ठी त्यांनी सलग तीन शुक्रवार टाकलीही होती. चौथ्यांदा टाकली असती तर देवावर भरवसा नाही असं दिसलं असतं.

तेव्हा त्यांनी राहेलबद्दल लिहिलं.

राहेल ही एका इंग्रजी कादंबरीतली मुलगी. धमतरीच्या मावसबहिणीनं जुन्या पुस्तकांच्या दोन पिशव्या पाठवल्या होत्या, त्यात नाताळातल्या प्रेमकथाच जास्त होत्या, आणि त्याही अमिश लोकांच्या. अमिश म्हणजे अमेरिकेतले असे ख्रिस्ती, जे घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत आणि घोडागाडीनं हिंडतात. सरिताबाईंनी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा दिव्यानी म्हणाली होती, "वीज तं आपल्या इथी बी नसते आई. मंग आपन काय अमिश हाओ?"

नाताळाच्या तयारीच्या दिवसांत ख्रिस्ती बाईनं प्रेमकथा वाचावी का, हा प्रश्न सरिताबाईंना सुरुवातीला पडला होता. पण या पुस्तकात नायक नायिकेचा हात पहिल्यांदा धरतो तो एकशे चाळिसाव्या पानावर, आणि तोही ती बर्फावरून घसरत असते म्हणून. शिवाय दर प्रकरणात दोन तरी प्रार्थना होत्या. सरिताबाई हातात पेन्सिल घेऊन वाचत आणि प्रार्थनांखाली रेघा ओढत. त्यामुळे तो अभ्यास ठरला.

आता राहेल मोठ्या पेचात होती. तिचा अमोस समाज सोडून गेला होता आणि लाकडाचा ट्रक चालवत होता. सरिताबाईंना तिची इतकी काळजी लागली होती की पुढची पानं उघडायचा धीर होईना. म्हणून त्यांनी लिहिलं: "एका मुलीसाठी प्रार्थना करावी. तिचं मन ट्रक चालवणाऱ्या मुलावर आहे. मुलगा मंडळीतला नाही. घरी सांगायचं धैर्य तिला मिळावं आणि नाताळाआधी मार्ग निघावा." घोडागाडी आणि बर्फ यांना चिठ्ठीत जागा उरली नाही.

चिठ्ठी निघाली कलाबाईंना. नाव नव्हतं, पण अक्षर सरिताबाईंचं होतं. औषधाच्या पाकिटांवर 'दिवसातून तीन वेळा' लिहून तीस वर्षांत त्यांनी ते अक्षर गावभर पोचवलं होतं. कलाबाई दुसऱ्याच दिवशी करंज्या घेऊन आल्या.

"बाई, ते चिठ्ठी मले निंगाली," त्या हळूच म्हणाल्या. "कोनाची हाये ते मी इचारत नाई. पन पोरीचं हे कवापासून हाये?"

"लहानपनापासून," सरिताबाई म्हणाल्या. कोणीतरी राहेलची चौकशी करतंय याचाच त्यांना आनंद झाला. "एकाच शाळेत होते दोघं."

"आन तुमाले कसा वाटते पोरगा?"

"पोरगा सोन्यासारखा हाये. पन लोकं तिले वाळीत टाकतीन. मी तं रडली काल."

कलाबाईंनी चहा अर्धाच घेतला. त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. फक्त पास्टर हेमराज यांच्या बायकोला सांगितली, तीही प्रार्थनेचा विषय म्हणून. प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर जाऊ नये म्हणून दिव्यानीचं नाव तेवढं घातलं. पास्टरांच्या बायकोनंही तो विषय याच पद्धतीनं चार जणींकडे दिला.

रविवारी पास्टर हेमराज यांनी एका जुवाला एक बैल आणि एक रेडा जुंपला तर नांगरणी कशी होईल, म्हणजे मंडळीबाहेर लग्न केलं तर संसार कसा होईल, यावर पाऊण तास उपदेश केला. पास्टर आणि ऐकणारे, सगळेच सरिताबाईंच्या बाकाकडे पाहत होते. सरिताबाईंना राहेल आठवली आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग पाहणाऱ्यांची खात्रीच झाली. दिव्यानी उपदेशभर खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवारी गोंडपिपरीहून फोन आला. प्रणितची आई इंदुताई बोलत होत्या.

"आमी शनिवारी येऊनच राह्यलो, सरिताबाई. पन पोरीच्या मनात दुसरा कोनी हाये, ट्रकवाला हाये, असं आयकलं. खरं का खोटं तेवढं सांगा. मले पोराचं नुकसान नाई करून घ्याचं."

सरिताबाईंना आधी काही समजलंच नाही. मग एकदम सगळं समजलं.

"ते पोरगी माही नाई वो. ते पुस्तकातली हाये."



"बाई," इंदुताई म्हणाल्या, "पुस्तकातल्या पोरीसाठी कोन प्रार्थना करते?"

 सरिताबाई फोन ठेवून तशाच कलाबाईंकडे गेल्या. कलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. "काई हरकत नाई. मीबी माह्या पोराच्या येळी असंच काईबाई सांगतलं होतं लोकाईले." म्हणजे तिथेही कोणाचा विश्वास बसला नाही. त्यातून सरिताबाईंनी एकच मार्ग काढला. शनिवारी पुस्तकच पुढे ठेवायचं, आणि इंग्रजी वाचणारा साक्षीदार म्हणून पास्टरांना बोलवायचं. प्रकरण उपदेशापर्यंत गेलं होतं, तेव्हा ते निस्तरायला पास्टरच बरे.

शनिवारी अकराच्या सुमारास इंदुताई आणि प्रणित आले. पोहे आले. मग सरिताबाईंनी टीपॉयवर ते पुस्तक ठेवलं. वर पांढऱ्या टोपीतली मुलगी होती, मागे घोडागाडी.

"हे राहेल," त्या म्हणाल्या. "वाचा पास्टर साहेब. दोनशे चार पान."

पास्टर हेमराज यांनी चष्मा लावला आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागले. "ट्रक हाये. बरोबर. लाकडाचाच हाये. मुलाचं नाव अमोस. पोरीची आई म्हनते, घोडागाडी सोडून तू त्या ट्रकमंदी बसली तं या घराचं दार बंद." त्यांनी पान उलटलं. "हे लोकं तं आपल्यापेक्षा कडक हायेत."

"मंग?" इंदुताईंनी विचारलं.

"मंग ती रडते. आन प्रार्थना करते. मोठी हाये प्रार्थना. चांगली हाये." पास्टरांनी आणखी दोन पानं मनातल्या मनात वाचली.

"मोठ्यानं वाचा ना साहेब," प्रणित म्हणाला.

सात पानं झाली. इंदुताईंचे पोहे निवून गेले. शेवटी पास्टरांनीच पुस्तक मिटलं आणि घसा साफ केला. "सरिताबाई निर्दोष हायेत. मागच्या रविवारचं मी मागं घेतो. बैलाचं नाई. बाकाकडं पाह्यलं तेवढं."

इंदुताई हसल्या. "झालं मंग. आमचं मन साफ हाये. पोरीले बोलवा आता."

सरिताबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आत हाक मारली. दिव्यानी चहाचा ट्रे घेऊन आली, तो टीपॉयवर ठेवला, पण बसली नाही.

"आई," ती म्हणाली, "तो ट्रक नाई चालवत. जेसीबी चालवते."

 पास्टरांनी सवयीनं हातातलं पुस्तक पुन्हा उघडलं आणि मिटलं.

"कोन?" सरिताबाईंनी विचारलं.

"लालसू. तलावाच्या कामावर हाये. दोन वर्सं झाली. मले सांगाचं होतं, पन तू या स्थळापायी एवढी खुश होती का माही हिंमतच होत नव्हती. रविवारी वाटलं तुले माहीत पडलं. तू रडली बी. मंग मले वाटलं, आता आई समजून घेईन." तिनं प्रणितकडे पाहिलं. "तुमाले इथवर याची तकलीफ झाली. माफ करा."

सरिताबाईंना राग आला, पण त्याआधी फार वाईट वाटलं. अमेरिकेतल्या पोरीच्या मनातलं त्यांना पानोपानी कळत होतं, आणि शेजारच्या खोलीतल्या पोरीचं दोन वर्षं कळलं नव्हतं. डोळे भरून आले, ते या खेपेला राहेलसाठी नव्हते.

"मंडळीत येते का तो?" त्यांनी विचारलं.

"येते. मागच्या बाकावर बसते. पावसाळ्यापासून तूच त्याले गाण्याचं पुस्तक देऊन राह्यली."

सरिताबाईंनी आठवून पाहिलं. उंच, शांत पोरगा. पुस्तक दोन्ही हातांनी घ्यायचा. आपण त्याचं नाव कधी विचारलं नाही, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"बोलाव त्याले," त्या म्हणाल्या. "जेवाले बोलाव."

पास्टर उठू लागले. इंदुताई मात्र हलल्या नाहीत.

"इंदुताई, आमी तुमचा फुकट दिवस घालवला," सरिताबाई म्हणाल्या.

"फुकट कसा?" इंदुताई म्हणाल्या. "पाहाच्या कार्यक्रमाले आली, तं आता पोरगाच पाहून जाईन. साहेब, तो येईस्तोवर पुढं वाचा."

लालसू अर्ध्या तासानं आला, जेसीबी घेऊनच, कारण यंत्र सोडून जायची त्याला परवानगी नव्हती. ते पिवळं धूड घोडागाडीच्या चालीनं गल्लीत शिरलं आणि दोन्ही बाजूंची घरं बाहेर आली. कलाबाई तर सगळ्यांत पुढे होत्या. लालसूनं दाराबाहेर बूट काढले, हातपंपावर कोपरापर्यंत हात धुतले आणि प्रणितशेजारी पाटावर अंग चोरून बसला.

पास्टर हेमराज यांनी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. सकाळपासून बरंच काही साचलं होतं, त्यामुळे ती लांबली. सगळ्यांनी डोळे मिटले होते. इंदुताईंनी, प्रणितनं, दिव्यानीनं, आणि मान खाली घालून लालसूनंही.

सरिताबाईंनी तेवढे मिटले नाहीत. त्यांना मुलगा पाहायचा होता.