समुद्राखालचा वरकस

छातीठोक सांगतो, समुद्राच्या तळाचा नकाशा माझ्याइतका चोख काढणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात नाही! दुसरा कोणी काढतच नाही, ही गोष्ट वेगळी.

बोटीवरचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो आणि प्रवाळाचे खडक पडद्यावर उमटतात. नांगराचं तास धरावं तशी बोट सरळ जायची, वळायची, परत यायची. मी डोंगरातला गडी. ओकून ओकून गाव आठवायचं! सर्वेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "अनिल, खडकांना तात्पुरती नावं दे." दिली. गावच्या शेतांची! थोरली पट्टी, ठमाकाकीचं भाताचं खाचर, शेजारच्या मालोजीकाकाचा वरकस, म्हणजे नाचणीची उताराची जमीन. मधल्या बांधावरून दोघांचं भांडण जुनं. वीस वर्षं त्या शेतांत नांगर गेलेला नाही. पोरं मुंबईला पळाली, मी बोटीवर पळालो. कोणाला राग आला तर येऊ दे!

सुट्टीत तो नकाशा मिरवायला गावी नेला आणि माती खाल्ली.

काकाने चष्मा लावला. "माझा वरकस एवढासा? ठमीच्या खाचराच्या निम्मा?"

"निघालं ना सर्वेत!" काकी ओरडली. "बांध माझाच हाय!"

"अहो, हा समुद्राचा तळ आहे! शंभर फूट पाण्याखाली!"

"म्हंजे तिथंपन माझी जमीन खाल्ली हिनं?"

आठवड्याने मॅडमचा फोन. नकाशाच्या कोपऱ्यातला पत्ता बघून काकाने महाडहून रजिस्टर पोस्टाने हरकत धाडली होती! 'सदर हद्द मान्य नाही. फेरमोजणी व्हावी.'

"हे मालोजी मच्छीमार आहेत का?"

"नाही मॅडम. नाचणी करायचे."

"समुद्रात?"

मग नावं शेतांची आहेत, हे सांगून टाकलं.

"हरकतीमुळे नकाशा अडलाय. सोमवारपर्यंत मागे घेतली नाही, तर तू घरी!"

धावत गाव गाठलं. "काका, हरकत मागे घेतल्याच्या कागदावर सही करा, नाहीतर माझी नोकरी जाईल!"

"आधी खडक मोठा कर."

"कसा करू? यंत्राने मोजलाय!"

"मोजणीवाला बी तेच सांगायचा."

वैतागून दोघांना खऱ्या शेतात नेलं. "दाखवा, कुठाय बांध!"

डोक्याएवढी घाणेरीची झुडपं माजलेली. काका काठीने ढोसत फिरला. बांध सापडेना! काकीही शोधू लागली. मग थांबली.

"हितं लावणीला आमी गानी म्हनायचो."

"आनि तुझा बैल माझी नाचणी खायचा."

"चांगली व्हायची म्हनून खायचा रे!"

काका हसला. हसता हसता चष्मा पुसायला लागला. बराच वेळ पुसला. मग म्हणाला, "आन तो कागद. तिथं तरी नाव ऱ्हाऊ दे."

नोकरी वाचली. पण पक्क्या नकाशात वरच्या साहेबांनी सगळी नावं खोडून आकडे घातले! काकाचा वरकस आता खडक क्रमांक सतरा.

हे गावात सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. दर रविवारी काकाचा फोन येतो. "काय रे, यंदा माझ्या वरकसात?"

"मासा भरपूर आहे, काका!"

"आनि ठमीच्या खाचरात?"

"तिच्यात कमीच!"

काकीचा फोन आला की उलटं सांगतो.