डंखापूर्वीची चौकशी

वाईतल्या ‘दंशामृत’ उपचार केंद्रातल्या मधमाश्यांनी सोमवारी सकाळी कळवलं, की ॲलर्जीची तपासणी झाल्याशिवाय यापुढे कोणत्याही रुग्णाला डंख मारला जाणार नाही.

निरोप घेऊन एक वयस्कर कामकरी माशी आली होती. वयस्कर म्हणजे पाच आठवड्यांची. केंद्राचे चालक डॉक्टर नंदकिशोर घुले येईपर्यंत ती पेपरवेटवर बसून राहिली. घुले पूर्वी पाण्याचे फिल्टर विकत. ते डॉक्टर कधी झाले, हे कोणी विचारलं नव्हतं. पाटीवर तसं लिहिलेलं होतं आणि पाटीवरचं अक्षर सुरेख होतं.

निरोप ऐकून सिस्टर रोहिणी भणगे खजील झाल्या. दोन वर्षं त्या हेच सांगत होत्या. निदान ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तरी कपाटात ठेवा, म्हणत होत्या. कपाटात घुल्यांच्या सत्काराच्या शाली होत्या. शेवटी इंजेक्शन सिस्टरांनी स्वतःच आणलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. नोकरी सोडायचं मात्र त्यांना जमलं नव्हतं.

“तुमचं काम डंख मारणं,” घुले माशीला म्हणाले. “विचारणं नाही. विष नैसर्गिक आहे. नैसर्गिक गोष्टीनं अपाय होत नाही.”

“नागाचंही नैसर्गिकच असतं,” माशी म्हणाली.

“साडेतीनशे गुडघे बरे केलेत मी.”

“ते लोक परत आलेले नाहीत, साहेब.”

“बरे झाले म्हणूनच आले नाहीत.”

माशीनं यावर वाद घातला नाही. “एका डंखाला आमची एक माशी जाते,” ती म्हणाली. “आम्ही जीव देतो. रुग्णानं चार थेंब रक्त द्यावं, एवढंच म्हणणं आहे.”

बाहेरच्या बाकावर निवृत्त मामलेदार यशवंतराव डोईफोडे विजार गुडघ्यापर्यंत वर करून बसले होते. माशी त्यांच्याकडे गेली आणि तिनं रीतसर विचारलं, “याआधी काही चावलं होतं का?”

“तालुका कचेरीत असताना गांधीलमाशी चावली होती,” मामलेदार म्हणाले. “तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. दवाखान्यात न्यावं लागलं. पण तो अ‍ॅलोपॅथीचा काळ होता.”

“मग आम्हाला जमणार नाही,” माशी म्हणाली.

“मामलेदारसाहेब, ती बरोबर सांगतेय,” सिस्टर म्हणाल्या. “आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी चिठ्ठी देते.”

“सिस्टर, मी हजारो लोकांचे दाखले नाकारलेत,” मामलेदार म्हणाले. “मला एक माशी नाकारणार?”

घुल्यांना स्वाभिमानी रुग्ण आवडत. ते स्कूटरवरून गेले आणि तासाभरात एका बरणीत तीन गांधीलमाश्या घेऊन आले. या कंत्राटी होत्या. त्या डंख मारून मरत नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि काही विचारत नाहीत, असं त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. सिस्टर मामलेदारांच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या. घुल्यांनी त्यांना बाजूला सारलं आणि बरणी उलटी करून मामलेदारांच्या गुडघ्यावर धरली.

चौथ्या मिनिटाला मामलेदारांचे ओठ फुगले. सहाव्या मिनिटाला ते बाकावरून घसरले आणि त्यांच्या घशातून किटलीसारखा आवाज येऊ लागला.

“विष निघतंय,” घुले लोकांना म्हणाले.

सिस्टरांनी पर्स उघडली. सुई मांडीत नीट गेली. मग त्यांनी मामलेदारांचे पाय उशीवर चढवले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी येईपर्यंत वयस्कर माशी मामलेदारांच्या नाडीपाशी बसून ठोके मोजत होती. आकडे ती सिस्टरांना सांगत होती. सिस्टर लिहून घेत होत्या. त्यांचं चांगलं जमलं.

संध्याकाळी सिस्टरांनी राजीनामा लिहिला. त्यांच्या सहीखाली सगळं मोहोळ ओळीनं बसलं. घुल्यांनी सगळ्यांना एक महिन्याची नोटीस लागेल असं सांगितलं.

“आमच्यात महिना म्हणजे जवळजवळ हयात,” माशी म्हणाली, आणि सगळ्या त्याच दिवशी निघाल्या.

सरकारी दवाखान्यात सिस्टरांना इंजेक्शनच्या खोलीत जागा मिळाली. माश्यांना केसपेपरच्या खिडकीत नेमलं. त्या प्रत्येकाला आधीची ॲलर्जी विचारतात आणि खरं उत्तर मिळेपर्यंत पुढे सोडत नाहीत. रांग हळू सरकते, अशी तक्रार आहे.

पंधरा दिवसांनी बाजारात सिस्टरांना मामलेदार भेटले. हातात काठी होती.

“घुल्यांकडे निघालोय,” ते म्हणाले. “नंबर लावावा लागतो आता. गर्दी फार वाढलीय.”

“अहो, तुम्ही मरत होतात.”

“होय,” मामलेदार म्हणाले. “पण तेवढा वेळ गुडघा अजिबात दुखला नाही.”