ऊनाचं मधलं नाव

उपासनीकाकांनी आमच्या पोस्टमनला पहिल्याच भेटीत विचारलं, "व्हॉट इज युवर फादर्स नेम?" पोस्टमन दचकला. पत्रं टाकायला बापाचं नाव सांगावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "रॉय," तो कसाबसा म्हणाला. त्या दिवसापासून काका त्याला दारात उभं राहून "गुड मॉर्निंग, जेरी रॉय हॅन्सन!" असं ठणकावून म्हणायचे. पुढे पुढे तोही टोपीला हात लावायला लागला.

काका म्हणजे भालचंद्र त्रिंबक उपासनी. मूळचे नागपूरचे, अमेरिकेत श्रूजबरीला आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. इंजिनिअर माणूस, कामावरून नुकताच निवृत्त झालेला. मला ते 'शैला श्रीनिवास' म्हणायचे आणि माझ्या मुलीला 'रश्मी श्रीनिवास'.

"जस्ट रश्मी, काका," ती वैतागून म्हणायची.

"जस्ट कुणीच नसतं बाप्पा! नाव हाक मारायला, आडनाव दारावरच्या पाटीला. तू कुणाची, ते मधल्या नावात."

अमेरिकन लोक मधलं नाव चक्क निवडतात हे कळलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. माझ्या ऑफिसातल्या एकीनं मुलीचं मधलं नाव 'लिन' ठेवलं होतं, कानाला बरं वाटतं म्हणून. "निवडलं?" काका म्हणाले. "पडदे आहेत का ते? बाप काय निवडायची गोष्ट आहे?" पुढे आठवडाभर ते येता-जाता 'लिन' असं पुटपुटत मान हलवत होते.

मालतीकाकू गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगा मिलिंद शेजारच्याच वूस्टरला राहायचा, पण तो फारसा दिसायचा नाही. विचारलं की काका म्हणायचे, "बिझी आहे." हे सांगताना ते नेहमी दुसरीकडे बघायचे, म्हणून मीही विचारणं सोडलं.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा असेल. एका दुपारी काका आमच्या दारात आले आणि जोडे न काढता तसेच उभे राहिले. त्यांना एक फोन आला होता. कॅथलीन नावाची एक मुलगी विचारत होती, मिलिंदचा नवा पत्ता आहे का? दोन वर्षं ती दोघं एकत्र राहत होती. तिला दिवस गेले होते. आणि मिलिंद कॅलिफोर्नियात नोकरी धरून निघून गेला होता, तिला न सांगता.

"मलाही नाही सांगितलं," काका म्हणाले. "पत्ता काय देऊ तिला?"

त्या रविवारी त्यांनी मला वूस्टरला ड्राइव्ह करायला लावलं. बर्फात गाडी चालवायची त्यांना धास्ती होती. बरोबर एका डब्यात बटाट्याची भाजी घेतली होती, कारण दुसरं त्यांना येत नव्हतं. कॅथलीन एका लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. लाल केस, नाकावर ठिपके, एका हायस्कुलात टायपिंग शिकवणारी. दार उघडून ती नुसती बघत राहिली. काकांना काय बोलावं सुचेना, तेव्हा सवयीनं तोंडून गेलं, "व्हॉट इज युवर फादर्स नेम?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पॅट्रिक," ती म्हणाली. "पण तो माझ्याशी बोलत नाही. यामुळे." तिनं पोटावर हात ठेवला.

"कॅथलीन पॅट्रिक," काका हळूच म्हणाले, आणि डबा पुढे केला.

मग दर रविवारी आमची फेरी ठरली. ती भाजी टोस्टवर घालून खायची. काका खिडक्यांच्या फटी बुजवायचे, नळ दुरुस्त करायचे. मिलिंदचं नाव कुणी काढत नसे.

आठव्या महिन्यात एकदा ती म्हणाली, "मुलगी झाली तर ऊना. माझ्या आजीचं नाव. तुमच्या भाषेत काही अर्थ होतो का?"

मी काकांकडे पाहिलं. आपल्याला ऊना म्हटलं की आधी उणं आठवतं. कमी असलेलं, अपुरं. "ऊन," काका म्हणाले. "सनशाइन." नागपूरचा माणूस उन्हाबद्दल इतक्या प्रेमानं बोललेला मी तेव्हाच ऐकला.

ती खूश झाली. "मग मधलं नाव तेवढं अडलंय. ऊना मेरी? ऊना रोझ? तुमच्याकडे कसं निवडतात?"

आता व्याख्यान सुरू होणार, असं वाटलं.

"आमच्याकडे बापाचं लावतात," काका एवढंच म्हणाले.

कॅथलीननं विचारलं, "लावू का? तुमची इच्छा असेल तर लावते."

"नको."

मी या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मराठीत म्हटलं, "मग काकूंचं लावा ना. ऊना मालती. छान वाटतंय."

"तिला नको यात ओढू, शैला," काका म्हणाले. "ती असती, तर मान वर करू शकली नसती."

तेवढ्यात कॅथलीननं जपून, एकेक अक्षर जोडत विचारलं, "ऊना बाल-चंड्रा?" तिनं ते आधी म्हणून पाहिलेलं असणार. आमच्या ऑफिसातल्या कुणालाही ते पहिल्याच प्रयत्नात जमलं नसतं.

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत पुसला.

"माझं नको पोरी. त्याला मीच वाढवला." मग तिच्याकडे बघून ते म्हणाले, "तिच्यापाशी कोण राहणार? तू. तुझंच नाव घाल. ऊना कॅथलीन."

फेब्रुवारीत ऊना कॅथलीन जन्मली. वर्षभर काका रविवारीच नव्हे, वाटेल तेव्हा जायचे. बर्फातही स्वतः गाडी हाकायला शिकले. ती त्यांची बोटं चावायची, आणि ते ती बोटं आम्हाला आणून दाखवायचे.

पुढच्या मार्चमध्ये कॅथलीननं ओहायोला बहिणीकडे जायचं ठरवलं. तिथे नोकरी होती, मूल सांभाळायला घरचं माणूस होतं. काका म्हणाले, "बरोबर आहे." सामान भरेपर्यंत ऊना त्यांच्या कडेवर होती. सगळं भरून झालं, तरी ती त्यांच्याच कडेवर होती. शेवटी त्यांनीच तिला मागच्या सीटवरच्या छोट्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला आणि दार लावलं. कॅथलीननं त्यांना मिठी मारली. काकांचे हात कुठे ठेवावे न कळून तसेच अधांतरी राहिले.

गाडी निघाली. वारा बोचरा होता. मी म्हटलं, "काका, चला आता. थंडी आहे."

ते हलले नाहीत. हात वर करून तसेच रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"लहान पोरांची खुर्ची उलटी लावतात, शैला," ते म्हणाले. "तिचं तोंड इकडे आहे. ती बघतेय, तोवर मी इथून कसा जाऊ?"