पावणेतीनचा पहिला नंबर

गुरुवारी दुपारी ल्यूबेन मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची मिरच्यांची पाटी बाजूला सारली, तिथं लॅपटॉप मांडला आणि मुलीसाठी खुर्ची ओढली. सदतीस वर्षं प्लेवेनच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या या माणसाला एकाहत्तराव्या वर्षी प्रोग्रामिंगचा नाद लागला होता. पेन्शनरांच्या क्लबासाठी त्यांनी प्रश्नमंजूषा लिहिली होती: सोळा प्रश्न, सहापैकी गुण, आणि शेवटी प्रत्येकाचं नाव नि गुण एका फाइलमध्ये जमा. बिल्याना सोफियात हेच काम पगार घेऊन करायची. त्यामुळे दुसऱ्यानं बसवलेला दात बघणाऱ्या दंतवैद्याची कळा तिच्या चेहऱ्यावर आली होती.

फाइलच्या प्रत्येक ओळीत आधी नाव, मग स्वल्पविराम, मग गुण. नंबर लावताना यंत्र स्वल्पविरामापाशी ओळ तोडायचं आणि शेवटचा तुकडा गुण म्हणून धरायचं. इथवर ठीक. पण साडेपाच गुण यंत्र ५.५० असे लिहायचं, ते मास्तरांना खपेना. आपल्या देशात साडेपाच लिहायचे ते ५,५०, मधे स्वल्पविराम. टिंब देतात ते परदेशी. आठवडाभर खपून त्यांनी टिंब हटवून स्वल्पविराम बसवला होता. आता एका ओळीत दोन स्वल्पविराम, आणि साडेपाचातले पाच गायब होऊन हाती उरायचे नुसते पन्नास.

बिल्यानाला हे अर्ध्या मिनिटात दिसलं. तिनं फाइल बंद केली.

"प्रोग्राम कसा वाटतोय?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चालतोय."

"चालतोय म्हणजे?"

"म्हणजे पळत नाही."

मास्तर वाट बघत जरा वेळ उभे राहिले, मग मिरच्यांकडे वळले. स्तुतीला बाप-लेक दोघांचाही हात आखडता. तिनं तो गुण त्यांच्याकडूनच उचलला होता. उद्या क्लबात होऊ दे फजिती, रविवारी जेवताना सावकाश चिडवू, असा तिचा बेत होता.

शुक्रवारी स्पर्धा झाली. निवृत्त औषधविक्रेते गेन्चेव यांची सोळाही उत्तरं बरोबर आली. गुण ६,००, शेवटचा तुकडा शून्य-शून्य, म्हणून यादीत सगळ्यात खाली. डॅन्यूब नदी काळ्या समुद्रात उगम पावते असं ठासून सांगणाऱ्या स्टोयनाबाईंना पावणेतीन पडले, म्हणजे चक्क नापास. पण २,७५ मधला पंचाहत्तरचा आकडा दुसऱ्या कुणालाच गाठता आला नाही. मास्तरांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. यंत्र दारू प्यायलं असावं, असा संशय गेन्चेवनी व्यक्त केला. त्यावर मास्तर म्हणाले की माझ्या मुलीनं कालच ते तपासलंय, आणि तिनं 'चालतोय' म्हटलं की समजा झालं.

शनिवारी सकाळी चुलीवर कॉफी उतू गेली. ती उतरवायला मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

क्लब मात्र थांबला नाही. पहिला नंबर आला म्हणून स्टोयनाबाईंना जिल्हा स्पर्धेच्या संघाचं प्रमुख नेमलं. गेन्चेवनी लेखी तक्रार केली. तिघांची समिती बसली. तिघांनाही पन्नास-पन्नास मिळालेले असल्यामुळे निकाल अत्यंत न्याय्य असल्याचं समितीला दहा मिनिटांत आढळून आलं. तसं पत्र रीतसर मास्तरांच्या नावे रवाना झालं. घेणारा हयात नाही ही बाब समितीच्या कक्षेत येत नव्हती.

मास्तर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या स्मरणार्थ, क्लबात साखर घातलेले उकडलेले गहू आणि वाइन होती. दारावर मास्तरांचा फोटो छापलेला, निधनाची बातमी देणारा कागद चिकटवलेला होता. गेन्चेव दुसऱ्या पेल्यापर्यंत गप्प बसले, तेही केवळ दिवंगताच्या आदरापोटी.

"पोरी," ते बिल्यानाला म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून तुलाच विचारतो. यंत्र चुकलं का मास्तर चुकले?"

"कुणी चुकलं नाही," स्टोयनाबाई म्हणाल्या. "ह्यांना हार पचत नाही. जन्मभर लोकांना पाचक गोळ्या विकल्या, एखादी स्वतः घ्यायची होती."

सगळे बिल्यानाकडे बघू लागले. यंत्र चुकलं म्हणणं सोपं होतं. यंत्राशी कुणी बोलणं सोडणार नव्हतं. मास्तर चुकले हे निम्मं खरं होतं, आणि तेवढं बोलली असती तर सगळे घरी जायला मोकळे झाले असते. तिनं गव्हाची वाटी खाली ठेवली.

"मी चुकले. गुरुवारीच मला दिसलं होतं. एका स्वल्पविरामाचं काम होतं. मला त्यांना रविवारी हसायचं होतं, म्हणून सांगितलं नाही."

म्हणजे पहिला नंबर कुणाचा, असं गेन्चेव विचारत होते. समितीतल्या एकानं यासाठी नवी समिती लागेल असं मत मांडलं. बिल्याना उठून दारापाशी गेली. कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून धरला.

"प्रोग्राम चांगला लिहिलात, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "फार चांगला लिहिलात."