कातावासिया

कोबी खारवायच्या दिवशी ग्लाफिराने नवऱ्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. ती एवढंच म्हणाली होती, "बघ, घरात कशी कातावासिया झालीय!" येव्लाम्पी पडला निवृत्त भाषाशिक्षक. कोबीच्या ढिगात उभ्या बायकोला त्याने शिकवायला घेतलं.

"मूळ शब्द ग्रीक. अर्थ, खाली उतरणं. चर्चमधले दोन्ही गायकवृंद ओट्यांवरून उतरून मधोमध एकत्र गातात, ती कातावासिया. पाद्रीशाळेतल्या पोरांनी थट्टेने तिचा अर्थ 'गोंधळ' असा केला. आणि शब्द स्त्रीलिंगी असला, म्हणून घरात आणायलाच हवा असं नाही."

"मग आता व्याकरणच खा," ग्लाफिरा म्हणाली आणि तिने तोंडाला कुलूप लावलं.

पंचाईत अशी, की चर्चमधला उजवा वृंद येव्लाम्पीच्या हाताखाली आणि डावा ग्लाफिराच्या. संत निकोलाच्या सणाला बिशप यायचे होते. तो मठाची संथ चाल बसवत होता, ती ग्रीक. फादर आर्सेनींनी दोघांना वेगवेगळं विचारलं, "चाल ठरली ना?" दोघंही म्हणाले, "ठरली."

पण मुक्याने समोर येणारं सूप येव्लाम्पीच्या घशाखाली उतरेना. बायको बोलायला हवी होती, बाकी बिशप गेले उडत. सणाच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या माणसांना गुपचूप सांगितलं, "उद्या ग्लाफिराची चाल गायची. तिचा मान राहू दे."

सणाला दोन्ही वृंद खाली उतरले, मधोमध आले आणि गाऊ लागले. उजवा वृंद ग्रीक चालीत, डावा मठाच्या. येव्लाम्पीने घाईघाईने हात हलवून आपली चाल बदलली. त्याच क्षणी ग्लाफिरानेही बदलली. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. जाडा फोमा तर दोन्ही चालींच्या मधलं काहीतरी छातीठोकपणे गात राहिला. शेवटी सगळेच गप्प झाले.

"माझी चाल कशाला घेतलीस?" त्या शांततेत येव्लाम्पी ओरडला.

"तुझ्यासाठी, मेल्या!"

"मग आधी सांगायचं नाही?"

"कशी सांगणार? मी बोलत नाही ना तुझ्याशी!"

बिशपांनी डोळे मिटले आणि स्वतःच तिसऱ्याच चालीत सुरुवात केली. सगळे निमूटपणे त्यांच्यामागे गायले.

चर्चमधून निघाल्यापासून ग्लाफिराचं तोंड बंद झालं नाही. बर्फातून चालताना तिने त्याला हेकट म्हटलं, बहिरा म्हटलं, त्याच्या आईचाही उद्धार केला. येव्लाम्पीला इतकं बरं वाटलं, की कोपऱ्यावर तो मुद्दामच लांबच्या रस्त्याला वळला.